पानिपतातून परतलेला माणूस

लढाईत पडलेल्यांचे पोवाडे होतात. लढाईतून परतलेल्यांचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. पानिपत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सदाशिवरावभाऊ उभे राहतात, कोवळे विश्वासराव उभे राहतात, त्याआधी वर्षभर बुराडीच्या घाटावर धारातीर्थी पडलेले दत्ताजी शिंदे उभे राहतात. ते सारे गेले आणि अजरामर झाले. पण १४ जानेवारी १७६१ च्या त्या संक्रांतीला जे जिवंत राहिले, जखमा बांधून दक्षिणेची वाट चालू लागले, त्यांनी उरलेले आयुष्य कसे काढले असेल? डोळे मिटले की त्यांना काय दिसत असेल? मला हा प्रश्न फार दिवस छळीत आला आहे, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी एका माणसापाशी येऊन थांबलो. तो माणूस म्हणजे महादजी शिंदे.

महादजींवर १९९४ साली दूरदर्शनवर द ग्रेट मराठा नावाची हिंदी मालिका झाली होती. संजय खान यांनी ती काढली आणि महादजींची भूमिका शाहबाज खान यांनी केली. आमच्या पिढीच्या जन्माआधीची ही मालिका. पण जुनी चित्रफीत मिळाली म्हणून मी ती पाहिली. हत्ती, घोडे, तंबू, मोठमोठी भाषणे असा सगळा थाट तिच्यात आहे, आणि त्या काळच्या मालिकांचा भडकपणाही आहे. पण तिच्यातील एक गोष्ट माझ्या मनातून जाता जात नाही. पानिपतचा खरा सूत्रधार नजीबखान रोहिला आणि पुढे सत्तावीस वर्षांनी दिल्लीत धुमाकूळ घालणारा त्याचा नातू गुलाम कादर, या दोन्ही भूमिका इरफान खान या एकाच नटाने केल्या आहेत. आजा आणि नातू यांचा चेहरा एकच! निर्मात्याने हे कोणत्या हेतूने केले असेल ते असो. मला मात्र त्यात मोठा अर्थ दिसला. पानिपतातून परतलेल्या माणसापुढे भूतकाळ पुन्हा तोच चेहरा घेऊन उभा राहतो आणि विचारतो, आता काय करणार? महादजींचे सारे चरित्र या एका प्रश्नाभोवती फिरते, असे मला वाटते.

आता कोणी म्हणेल, महादजी ग्वाल्हेरचे, उज्जैनचे, दिल्लीचे. वसईच्या महाविद्यालयाच्या अंकात त्यांचे काय? तर वसईचा आणि त्यांचा संबंध आपण समजतो त्यापेक्षा फार जवळचा आहे. त्याकडे मी ओघाने येईनच.

महादजींचा जन्म १७३० च्या सुमाराचा. सातारा भागातील कण्हेरखेड हे शिंद्यांचे मूळ गाव आणि तेथील पाटीलकी त्यांच्या घरात. वडील राणोजी शिंदे हे थोरल्या बाजीरावांच्या तालमीत तयार झालेले सरदार. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेत मल्हारराव होळकरांप्रमाणे राणोजी शिंदेही होते. म्हणजे आपल्या किल्ल्याशी या घराण्याचे नाते महादजींच्या लहानपणापासूनचे आहे. राणोजींना पाच मुलगे. जयाप्पा, दत्ताजी, जोतिबा, तुकोजी आणि सर्वांत धाकटे महादजी. महादजींच्या आईचे राणोजींशी विधिपूर्वक लग्न झालेले नव्हते, म्हणून घरात त्यांचे स्थान बेताचेच होते. थोरले चार भाऊ असताना या धाकट्याच्या वाट्याला दौलत येईल, असे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

पण ती दौलत आली, आणि कशी आली ते पाहिले म्हणजे अंगावर काटा येतो. जोतिबा बुंदेलखंडात मारले गेले. जयाप्पा १७५५ साली नागोरच्या वेढ्यात मारेकऱ्यांच्या हातून गेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडीच्या घाटावर पडले. पानिपतात तुकोजी पडले आणि जयाप्पांचा तरुण मुलगा जनकोजी शत्रूच्या हाती सापडून मारला गेला. उरले एकटे महादजी. तेही कसे उरले? पानिपतच्या पळात एका अफगाण स्वाराने त्यांचा लांबवर पाठलाग केला, पायावर घाव घालून त्यांना खाली पाडले आणि मेला समजून तो निघून गेला. तो पाय कायमचा अधू झाला. रस्त्याच्या कडेला पडलेल्या या सरदाराला उचलले ते राणेखान नावाच्या एका भिश्त्याने. पखाली वाहणाऱ्या आपल्या बैलावर त्यांना घालून त्याने दक्षिणेची वाट धरली. फौजेला पाणी पाजणारा एक गरीब मुसलमान आणि त्याचा बैल! मराठेशाहीचे पुढचे तेहेतीस वर्षांचे भवितव्य त्या बैलाच्या पाठीवर होते.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. आमच्या आळीत एक निवृत्त सुभेदार राहत असत. १९७१ ची लढाई त्यांनी पाहिलेली. आम्ही पोरे त्यांना काका म्हणत असू आणि लढाईची गोष्ट सांगा म्हणून त्यांच्या मागे लागत असू. काका थंडीबद्दल सांगत, लंगरातल्या रोट्यांबद्दल सांगत, बूट चावतात कसे ते सांगत. पण गोळी चालली त्या दिवसाचा विषय निघाला की ते उठून विहिरीवर पाणी शेंदायला जात. त्या वेळी आम्हांला त्याचे नवल वाटे. आता वाटते, ज्याने खरी लढाई पाहिली तो तिच्यासंबंधी बोलत नाही. तो काहीतरी करीत राहतो. महादजींनीही पुढची तेहेतीस वर्षे काहीतरी करण्यात घालविली. त्यांनी जे केले ते दोन तऱ्हेचे आहे, असे मला अभ्यासान्ती दिसते. एक म्हणजे सूड, आणि दुसरे म्हणजे शिक्षण.

पानिपताहून आल्यावर त्यांना आधी घरातच झगडावे लागले. शिंद्यांची सरदारकी कोणाला द्यायची, हा वाद कित्येक वर्षे चालला. अखेर थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७६८ च्या सुमारास, ती महादजींकडे कायम झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत मराठी फौजा पानिपतानंतर पहिल्यांदाच मोठ्या तयारीने उत्तरेत उतरल्या. रामचंद्र गणेश कानडे आणि विसाजी कृष्ण बिनीवाले हे तिचे मुख्य. बरोबर तुकोजी होळकर आणि महादजी शिंदे. समोर कोण? तर नजीबखान. ज्याने अब्दालीला हिंदुस्थानात आणले तोच हा नजीबखान. तो आता थकला होता आणि मराठ्यांशी गोडीगुलाबीने वागू पाहत होता. मल्हारराव होळकरांनी एके काळी त्याला मुलासारखा मानून जीवदान देवविले होते. त्यामुळे होळकरांचा कल त्याच्याकडे. महादजींचा मात्र या सलोख्याला कडकडीत विरोध. दत्ताजी, जनकोजी, तुकोजी यांचे रक्त ज्याच्या डोक्यावर आहे त्याच्याशी बोलणे कसले करायचे, ही त्यांची भावना होती. परंतु पेशव्यांनी राजकारणाचा हिशेब पाहिला आणि महादजींना मन मारून गप्प बसावे लागले.

१७७० साली नजीबखान आपल्या मरणाने मेला. पुढच्याच वर्षी मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये इंग्रजांच्या आश्रयाने अलाहाबादेस राहणारा बादशहा शाहआलम मराठ्यांच्या पहाऱ्यात दिल्लीच्या तख्तावर बसला. पानिपतानंतर अकराच वर्षांनी! त्या वसंतात मराठी फौज नजीबखानाच्या मुलाचा पाठलाग करीत रोहिलखंडात शिरली, पत्थरगड घेतला, नजीबाबाद लुटले आणि नजीबखानाची कबर फोडली. या फौजेत महादजी होते. कबर फोडून कोणाला काय मिळते? दत्ताजी परत आले नाहीत, जनकोजीही नाही. पुष्कळ लेखक हा प्रसंग अभिमानाने सांगतात. मला तो वाचताना त्या पाय ओढीत चालणाऱ्या चाळिशीच्या माणसाची कणव येते. ज्याच्याशी हिशेब चुकता करायचा तोच निघून गेलेला, आणि हाताशी फक्त दगडमाती उरलेली.

यानंतर महादजींच्या आयुष्यातील ती घटना येते, जिचा आपल्या वसईशी थेट संबंध आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. पेशवाईसाठी हपापलेले रघुनाथराव इंग्रजांकडे गेले आणि १७७५ च्या सुरतेच्या तहात त्यांनी इंग्रजांना देऊ केले ते साष्टी बेट आणि वसई. चिमाजी अप्पांनी ज्या वसईसाठी हजारो माणसे खर्ची घातली, ती त्यांच्याच पुतण्याने कागदावर लिहून देऊन टाकली. वसईच्या मुलांनी हे कधी विसरू नये. इंग्रजांनी ठाणे व साष्टी तर त्याआधीच, १७७४ च्या अखेरीस घेतली होती. पुढे जानेवारी १७७९ मध्ये रघुनाथरावांना घेऊन इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्यावर निघाली. महादजी आणि तुकोजी होळकर यांनी तिला तळेगावपर्यंत येऊ दिले, आसपासचा दाणागोटा जाळून टाकला आणि वडगावला चहूकडून कोंडले. इंग्रजांना शरणागती लिहून द्यावी लागली. ही लढाई नीट पाहिली तर लक्षात येते की, पानिपतात अब्दालीने मराठ्यांचे जे केले होते तेच महादजींनी येथे इंग्रजांचे केले. तेथे मराठ्यांची रसद तोडून त्यांना उपाशी मारले गेले. येथे महादजींनी इंग्रजांची रसद तोडली. मात्र एक फरक होता, आणि तोच महत्त्वाचा. कोंडलेल्या फौजेची कत्तल त्यांनी केली नाही. दोन ओलीस ठेवून घेतले आणि बाकीच्यांना मुंबईस जाऊ दिले. पळणाऱ्या फौजेची पाठ कशी दिसते, हे त्या माणसाने स्वतः अनुभवले होते.

इंग्रजांनी वडगावचा करार पाळला नाही. गॉडर्ड नावाचा सेनापती गुजरातेतून खाली आला आणि त्याने वसईला वेढा घातला. वेढा उठविण्यासाठी पुण्याहून फौज आली, तिचे सेनापती तेच रामचंद्र गणेश, जे दहा वर्षांपूर्वी महादजींबरोबर उत्तरेत होते. वज्रेश्वरीजवळच्या दुगाड येथे डिसेंबर १७८० मध्ये झालेल्या लढाईत रामचंद्र गणेश पडले. त्याच आठवड्यात वसई इंग्रजांच्या हाती गेली. आपण वज्रेश्वरीला जातो, देवीचे दर्शन घेतो, गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवतो आणि परत येतो. पण जवळच दुगाडच्या माळावर वसईसाठी पडलेल्या या सेनापतीचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

इकडे उत्तरेत इंग्रजांनी महादजींचा ग्वाल्हेरचा किल्ला घेतला आणि १७८१ साली रात्रीच्या छाप्यात त्यांचे मोठे नुकसान केले. महादजी हरले, पण मोडले नाहीत. आणि इंग्रजही थकले होते. अखेर १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळच्या सालबाई या खेड्यात तह झाला. तो घडवून आणला महादजींनी, आणि तो पाळला जाईल याची जबाबदारीही त्यांनीच घेतली. या तहात साष्टी इंग्रजांकडे राहिली. मात्र पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनी जिंकलेला मुलूख मराठ्यांना परत मिळाला, आणि त्यात आपली वसई होती. तलवारीने गेलेली वसई ग्वाल्हेरच्या माळावर कागदाने परत आली. नायगाव सोडून लोकल भाईंदरच्या पुलावर येते, तेव्हा खाली जी खाडी दिसते ती सालबाईच्या तहानंतर दोन राज्यांची सरहद्द होती. अलीकडे मराठ्यांची वसई, पलीकडे इंग्रजांची साष्टी. आपण रोज पास खिशात टाकून ती सरहद्द ओलांडतो.

इंग्रजांकडून महादजी जे शिकले त्याला माझ्या मते इतिहासात तोड नाही. पानिपतात त्यांनी इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी पाहिल्या होत्या. त्या रांगेने लढल्या, रांगेने मेल्या. आणि घोडेस्वारांना त्यांच्याशी जुळवून लढता आले नाही, म्हणून दिवस फिरला. आता इंग्रजांच्या पलटणींनीही तोच धडा दिला. दुसरा एखादा सरदार गनिमी काव्याची थोरवी गात बसला असता. महादजींनी १७८४ च्या सुमारास द बॉयन नावाचा सॅव्हॉय प्रांतातील लष्करी माणूस चाकरीस ठेवला आणि दोन पलटणींपासून सुरुवात केली. पुढे त्यांचे मोठमोठे कंपू झाले. आग्र्याला तोफा ओतल्या जाऊ लागल्या, शिपायांना ठरल्या दिवशी पगार मिळू लागला. नोव्हेंबर-डिसेंबर १७८४ मध्ये बादशहाने पेशव्यांना वकील-इ-मुतलक केले आणि त्यांचे नायब म्हणून सारा कारभार महादजींच्या हाती दिला. कण्हेरखेडचा पाटील दिल्लीचा कारभारी झाला. पण स्वतःला ते पाटील म्हणवीत आणि लोकही त्यांना पाटीलबोवा म्हणत.

या शिक्षणाची परीक्षा १७८७ साली लालसोटला झाली. जयपूर-जोधपूरच्या राजपुतांशी सामना होता. बादशाही पलटणी ऐन वेळी फितूर होऊन शत्रूला मिळाल्या. पुन्हा परमुलूख, पुन्हा दगा, पुन्हा उपासमार. पानिपतचे सारे साहित्य पुन्हा जमून आले होते. पण या वेळी पळापळ झाली नाही. महादजींनी तोफा आणि बाजारबुणगे सांभाळीत फौज शिस्तीने मागे आणली. जिंकलेल्या लढायांपेक्षा ही माघार मला मोठी वाटते. सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाला त्यांनी दिलेले हे खरे उत्तर होते.

महादजी मागे हटले आणि दिल्ली उघडी पडली. ती संधी साधून नजीबखानाचा नातू गुलाम कादर १७८८ च्या उन्हाळ्यात दिल्लीत शिरला. खजिन्याच्या हव्यासाने त्याने बादशाही कुटुंबाचे हालहाल केले आणि १० ऑगस्ट रोजी म्हाताऱ्या शाहआलमचे डोळे काढले. मराठी फौज दिल्लीवर चालून गेली, ऑक्टोबरमध्ये दिल्ली घेतली, आंधळ्या बादशहाला पुन्हा तख्तावर बसविले आणि गुलाम कादरला मीरतेच्या बाजूने पाठलाग करून पकडले. या फौजेचा सेनापती कोण होता? तर राणेखान. तोच, पखालीच्या बैलावर महादजींना वाहून आणणारा भिश्ती! महादजींनी त्याला भाऊ मानले होते, सरदारकी दिली होती, फौज दिली होती. पानिपतात ज्याने एका जखमी माणसाला वाचविले, त्याने सत्तावीस वर्षांनी दिल्ली वाचविली. कादंबरीत कोणी असे लिहिले तर आपण म्हणू की हे फार जुळवून आणले आहे.

गुलाम कादरला मात्र महादजींनी क्षमा केली नाही. १७८९ च्या मार्चमध्ये मथुरेच्या परिसरात त्याचे नाक, कान कापून, डोळे काढून त्याला ठार मारण्यात आले. त्याने बादशहाचे जे केले त्याचीच ही परतफेड होती, हे खरे. त्या काळाचा न्याय तसाच होता, हेही खरे. तरीही, वडगावला शरण आलेल्यांना सोडून देणारा हात आणि हा हात एकाच माणसाचे आहेत, हे मान्य करताना जड जाते. मालिकेत पाहताना प्रेक्षक येथे टाळ्या वाजवतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने टाळी वाजवू नये आणि तोंडही फिरवू नये; दोन्ही हात नीट पाहावेत. एक गोष्ट मात्र कोणी चुकीची समजू नये. महादजींचा राग धर्मावर नव्हता. त्यांना वाचविणारा मुसलमान, त्यांनी तख्तावर बसविलेला मुसलमान, आणि बीडचे मन्सूरशहा या फकिराला ते गुरुस्थानी मानीत. त्यांचे वैर एका घराण्याशी होते आणि एका दिवसाशी होते.

१७९० साली पाटण आणि मेडता येथील लढायांत द बॉयनच्या कंपूंनी लालसोटचा डाग धुऊन काढला. १७९२ च्या जूनमध्ये महादजी पुण्याला आले आणि बादशहाने दिलेल्या पदव्या व वस्त्रे त्यांनी मोठ्या समारंभाने सवाई माधवरावांना अर्पण केली. त्या वेळी त्यांनी पेशव्यांचे जोडे काखेत धरले आणि आपण वडिलोपार्जित हेच काम करीत आलो असे दाखविले, अशी गोष्ट सांगतात. त्यात खरी नम्रता किती आणि मुत्सद्देगिरी किती, यावर जाणत्यांनी पुष्कळ लिहिले आहे. मला वाटते, दोन्हीही असावे.

आता मी या चरित्रातील माझ्या दृष्टीने सर्वांत दुःखद गोष्टीकडे येतो. पानिपतचे अनेक हिशेब महादजींनी मिटविले. अफगाणांचे नाव पुसले, रोहिल्यांचे घर मोडले, कवायतीचे शास्त्र आत्मसात केले, दिल्ली राखली. पण पानिपताने शिंद्यांच्या मनात आणखी एक जखम केली होती, ती घरातली होती. नजीबखानाला होळकरांनी वाचविले आणि पानिपतात मल्हारराव दिवस मावळण्यापूर्वी रणातून निघून गेले, हा सल शिंद्यांच्या छावणीत कधी गेला नाही. वडगावला खांद्याला खांदा लावून लढलेले महादजी आणि तुकोजी पुढे उत्तरेच्या वाटणीवरून एकमेकांचे तोंड पाहीनासे झाले. १७९३ साली लाखेरीच्या खिंडीत शिंद्यांच्या पलटणींनी होळकरांच्या पलटणींचा धुव्वा उडविला. मराठ्यांनी मराठ्यांना कापले. त्या दिवशी महादजी पुण्यात होते; पण फौज त्यांची होती. परक्या शत्रूकडून शिकायला जो माणूस इतका तयार होता, त्याला घरच्या भावाशी बसून बोलणे जमले नाही. होळकरांचाही दोष त्यात थोडा नव्हता. पण मोठ्या माणसाकडून आपली अपेक्षा मोठी असते.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे महादजी वारले. त्यांना मुलगा नव्हता; भाऊ तुकोजींचा नातू दौलतराव गादीवर आला. तो वयाने कोवळा आणि स्वभावाने उतावळा. शिंदे-होळकरांचे ते जुने दुखणे आता चिघळले. १७९७ साली दौलतरावाच्या माणसांनी पुण्यात तुकोजींचा मुलगा मल्हारराव होळकर याला मारले. पुढे दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकराला हत्तीच्या पायाशी दिले. त्यांचा भाऊ यशवंतराव सूडाने पेटून पुण्यावर आला आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला त्याने शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव कोकणात पळाला आणि समुद्रमार्गे येऊन पोचला तो कोठे? तर आपल्या वसईत. ३१ डिसेंबर १८०२ रोजी येथे त्याने इंग्रजांशी तह केला आणि मराठ्यांचे स्वातंत्र्य लिहून दिले. पुढच्याच वर्षी दिल्ली, असई आणि लासवाडी येथे महादजींनी उभारलेले कंपू इंग्रजांनी मोडून काढले.

सालबाईच्या तहाने महादजींनी जी वसई परत मिळविली, त्याच वसईत वीस वर्षांनी त्यांच्या साऱ्या आयुष्याची कमाई बुडाली. आपण वसईचे विद्यार्थी पाठ्यपुस्तकात वसईचा तह म्हणून चार ओळी पाठ करतो आणि परीक्षेत लिहितो. त्या चार ओळींच्या मागे लाखेरी आहे, लाखेरीच्या मागे पानिपत आहे, आणि पानिपताच्या मागे भावाभावांचा अविश्वास आहे, हे कोणी सांगत नाही. किल्ल्यात चिमाजी अप्पांचा पुतळा आहे. त्यांच्यापुढे आपण नतमस्तक होतो ते योग्यच आहे. पण वसई जिंकणाऱ्याबरोबर वसई परत आणणाऱ्याचेही नाव येथील मुलांच्या ओठावर असावे, आणि ती कशाने गेली हेही त्यांच्या ध्यानात असावे.

महादजी मोठे होते, यात वाद नाही. पराभवाने माणूस एक तर खचतो, नाही तर वेडा होतो. ते दोन्ही झाले नाहीत. पायाने अधू झालेला हा माणूस अब्दालीने तुडविलेल्या दिल्लीत कारभारी म्हणून बसला, आणि आपल्याला उचलणाऱ्या भिश्त्याला त्याने आपल्या शेजारी बसविले. पण त्यांच्या चरित्राने मला शिकविले ते एवढेच की, भूतकाळाला तोंड देणे म्हणजे केवळ शत्रूला तोंड देणे नव्हे. कबर फोडता येते, नवी फौज उभारता येते, गेलेले तख्तही परत मिळते. घरातल्या माणसाविषयीची अढी तेवढी तशीच ठेवली, तर तीच एक दिवस सारे घर खाऊन टाकते. पानिपतातून परतलेल्या या माणसाने बाकीचे सारे हिशेब चुकते केले. तो एक राहिला, आणि त्याची किंमत आपल्या वसईत मोजली गेली.